पुण्याहून एका दिवसात काळा घोडा महोत्सव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर सरत आला की मला फोन यायला लागतात. "अहो, तो मुंबईचा रस्त्यावरचा कलामहोत्सव कधी असतो? सकाळी जाऊन रात्री परत येता येतं का?" दरवर्षी तेच प्रश्न आणि दरवर्षी माझी तीच उत्तरं. म्हणून यंदा ती लिहूनच काढली. मी कलासमीक्षक वगैरे नाही. बरीच वर्षं जातोय, आणि दोनदा परतीची गाडी चुकवलेली आहे, एवढाच माझा अधिकार.

महोत्सव नेमका कधी असतो?

जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीची सुरुवात, या दिवसांत कधीतरी. एकूण नऊ दिवस, शनिवारी सुरू होऊन पुढच्या आठवड्यातल्या रविवारी संपतो. २०२४ मध्ये तो २० ते २८ जानेवारी होता, २०२५ मध्ये २५ जानेवारी ते २ फेब्रुवारी. तारखा अशा पुढेमागे सरकतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या आठवणीवर तिकीट काढू नका. काळा घोडा असोसिएशन ही संस्था १९९८ साली स्थापन झाली आणि १९९९ पासून ती हा महोत्सव भरवते. कोविडच्या काळात रस्ता सुना राहिला होता.

एका दिवसात सगळं बघून होतं का?

नाही. नऊ दिवस मुंबईत राहणाऱ्यांचंही होत नाही. नृत्य, संगीत, नाटक, साहित्य, सिनेमा, मुलांचे कार्यक्रम, कार्यशाळा, वारसा फेऱ्या हे सगळं एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणी चाललेलं असतं. एक रस्ता, एक इमारत आणि संध्याकाळचा एक कार्यक्रम एवढं ठरवून जा. यादी करून गेलेली माणसं दिवसभर एका रांगेतून दुसऱ्या रांगेत पळताना मी पाहिली आहेत. त्यांत एकदा मीही होतो.

कोणत्या वारी जावं?

मंगळवार ते गुरुवार. सुट्टी काढावी लागली तरी काढा. शनिवार-रविवारी संध्याकाळी रॅम्पार्ट रो या महोत्सवाच्या मुख्य रस्त्यावर माणूस चालत नाही, गर्दीच त्याला पुढे ढकलत नेते. एखाद्या मांडणशिल्पापुढे (इन्स्टॉलेशनपुढे) थांबावं तर मागून "काका, जरा बाजूला व्हा, फोटो काढतोय" असं ऐकू येतं. २६ जानेवारी या नऊ दिवसांत आला तर त्या दिवशी गर्दी आणखी. शिवाय रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. सोमवारी गर्दी कमी असते, पण राष्ट्रीय आधुनिक कलादालन त्या दिवशी बंद असतं.

शनिवार-रविवारच जमणार असेल तर सकाळी दहा-अकरालाच पोचा आणि चारच्या आत रस्ता बघून घ्या.

जाताना कुठली गाडी?

सव्वासातची डेक्कन क्वीन. साधारण साडेदहाला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरवते. १९३० पासून धावणाऱ्या या गाडीत जेवणाचा डबा आहे, तिथलं ऑम्लेट किंवा चीज टोस्ट हा सहलीचाच भाग समजा. ज्यांना लवकर उठवतं त्यांना सहाच्या सुमाराची सिंहगडही आहे, पण पोचल्यावर अर्धा महोत्सव अजून जागा व्हायचा असतो. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. महोत्सवाच्या तारखा कळल्या की त्याच दिवशी तिकीट काढा. गाड्यांच्या वेळा निघण्याआधी एकदा तपासून घ्या.

आणि परतीचं?

खरा प्रश्न हा आहे आणि तो सगळ्यात शेवटी विचारला जातो. आधी परतीची गाडी ठरवा, बाकीचा दिवस तिच्यामागे आपोआप लागतो.

डेक्कन क्वीन मुंबईहून ५ वाजून १० मिनिटांनी सुटते. म्हणजे साडेचारला रस्ता सोडायचा. महोत्सवात संध्याकाळचे मोठे कार्यक्रम त्यानंतरच रंगायला लागतात. दिवे लागतात, उन्हं उतरतात, आणि तुम्ही तेव्हा भायखळा ओलांडलेलं असतं. सिंहगड ५ वाजून ५० मिनिटांना आहे, तिनेही फारसा फरक पडत नाही. तरीही लहान मुलं किंवा गुडघे दुखणारी माणसं बरोबर असतील तर मी डेक्कन क्वीनच सांगीन. साडेआठला पुण्यात, नऊला घरी वरणभात.

नृत्य किंवा गाणं ऐकायचंच असेल तर रात्रीचे पर्याय बघा. कोल्हापूरकडे जाणारी महालक्ष्मी आणि सोलापूरची सिद्धेश्वर पुण्यावरून जातात. सिद्धेश्वर मुंबईहून पावणेअकराच्या आसपास सुटते आणि पुण्यात मध्यरात्रीनंतर उतरवते, तेव्हा स्टेशनवरून घरी कसं जायचं हे आधी ठरवा. दादरहून शिवनेरी रात्री उशिरापर्यंत मिळते. मी बहुतेक वेळा हेच करतो : कार्यक्रम अर्धा तास आधी सोडायचा, दादर गाठायचं, बसमध्ये बसलं की झोपायचं.

कार्यक्रम अर्धवट सोडणं जिवावर येतं, हे मान्य. एका वर्षी भरतनाट्यमचा तिल्लाना, म्हणजे शेवटचा नाच, सुरू झाला आणि "हे एवढं बघू" म्हणत म्हणत महालक्ष्मी गेली. उरलेली रात्र फलाटावरच्या बाकावर काढली. तिल्लाना मात्र सुंदर झाला होता.

स्टेशनवरून काळा घोड्यापर्यंत कसं जायचं?

चालत. दीड किलोमीटर आहे, रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं. दादाभाई नौरोजी मार्गाच्या कमानींखालून सावलीतून जायचं, हुतात्मा चौक आला की दोन मिनिटं थांबायचं. एका बाजूला १८६४ सालचं फ्लोरा फाउंटन, शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात मोर्चावर गोळीबार झाला होता. बरोबरच्या मुलांना हे सांगा, शाळेच्या पुस्तकापेक्षा चौकात उभं राहून ते जास्त लक्षात राहतं. तिथून महात्मा गांधी मार्गानं सरळ पुढे.

चालायचं नसेल तर भुयारी मेट्रो आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. टर्मिनसवरून पुढचंच स्थानक हुतात्मा चौक, आणि तिथून महोत्सव हाकेच्या अंतरावर. दादरला उतरणाऱ्यांनाही हीच मेट्रो सोयीची. चर्चगेटवरून आलात तर ओव्हल मैदानाच्या कडेनं चालत या, राजाबाई टॉवर बघायला मिळेल.

स्वतःची गाडी घेऊन आलो तर?

नका आणू.

तिकीट किती?

रस्त्यावर फिरायला आणि बहुतेक कार्यक्रमांना काही नाही. हा महोत्सव मोफत असणं हीच त्याची मोठी गोष्ट. ऑफिसातून सुटलेला शिपाई आणि मलबार हिलवरच्या बाई एकाच फुटपाथवर कडेला बसून कथक बघतात. काही कार्यशाळा आणि वारसा फेऱ्यांना जागा मोजक्या असतात, त्यांना आधी नावनोंदणी लागते. वस्तुसंग्रहालयात जायचं तर त्याचं तिकीट वेगळं.

काळा घोडा आहे तरी कुठे? की नुसतं नाव?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण बावन्न वर्षं खरंच घोडा नव्हता.

प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून या बगदादी यहुदी व्यापाऱ्यानं त्याचा घोड्यावर बसलेला ब्राँझचा पुतळा शहराला दिला. शिल्पकार जोसेफ बोहम, अनावरण १८७९. लोकांनी राजपुत्राकडे लक्ष दिलं नाही. घोडा काळा दिसत होता, म्हणून चौक झाला काळा घोडा. १९६५ मध्ये गोऱ्या सत्ताधीशांचे पुतळे हलवताना तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, तिथे तो आजही आहे. इथे उरलं फक्त नाव, आणि पत्ता सांगताना "काळा घोडा" म्हणायची मुंबईकरांची सवय.

आता जो घोडा दिसतो तो जानेवारी २०१७ मध्ये बसवला. कल्पना वास्तुरचनाकार अल्फाज मिलर यांची, घडवला शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी, उंची पंचवीस फूट. याच्या पाठीवर कुणीच नाही. शहरानं आधी स्वाराला विसरून घोड्याचं नाव लावलं आणि शेवटी पुतळाही बिनस्वाराचाच केला, याची मला गंमत वाटते.

चुकामूक झाली तर भेटायची जागाही हाच घोडा ठरवा. गर्दीत मोबाईलचं नेटवर्क कधीकधी अगदी मंदावतं.

रस्त्यावर नेमकं बघायचं काय?

मुख्य रस्ता म्हणजे के. दुभाष मार्ग. जुनं नाव रॅम्पार्ट रो. रॅम्पार्ट म्हणजे तट. फोर्टची तटबंदी इथून जात होती, ती १८६० च्या दशकात पाडली. महोत्सवात या रस्त्यावर वाहनं बंद असतात आणि जागोजाग मांडणशिल्पं उभी राहतात. भंगारातला पत्रा, बांबू, कापड, सायकलची चाकं, प्लास्टिकच्या बाटल्या, कशाचंही काहीही केलेलं असतं. दरवर्षी काही कामं खरोखर चांगली असतात आणि काही नुसती फोटोसाठी उभी केलेली. फरक ओळखायची माझी पद्धत अशी : शिल्पाशेजारी लावलेली माहिती वाचायच्या आधी शिल्पाभोवती एक फेरी मारायची. मागची बाजूही विचार करून केली असेल तर काम खरं.

मांडणशिल्पांना हात लावू नका, त्यांच्यात चढू नका. काही मुद्दाम हात लावण्यासाठीच असतात, तिथे तसं लिहिलेलं असतं.

पण माझं ऐकाल तर मान वर करून इमारती बघा, महोत्सव गेल्यावरही त्या राहतात. डेव्हिड ससून वाचनालयाची इमारत १८७० ची, मालाडच्या पिवळ्या दगडाची. साहित्याचे कार्यक्रम बऱ्याचदा तिच्या मागच्या बागेत होतात. बाग एवढीशी, पण आत गेलं की रस्त्याचा गोंगाट मागे राहतो. बाजूला एल्फिन्स्टन कॉलेज आणि त्याच इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार. समोरच्या अंगाला एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे एके काळचं वॉटसन्स हॉटेल. ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभी असलेली ही इमारत आता मोडकळीला आलेली दिसते. याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. हिंदुस्थानातला सिनेमा इथे सुरू झाला, आणि त्या दारापुढून लोक सेल्फी काढत निघून जातात.

व्ही. बी. गांधी मार्गावर वळलात तर निळं-पांढरं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, दिसेल, १८८४ चं, २०१९ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा झळकायला लागलेलं. आत जायचं तर सुरक्षा तपासणी असते, ओळखपत्र जवळ ठेवा. शनिवार हा यहुद्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस, त्या दिवशी पर्यटक म्हणून जाऊ नका.

गॅलऱ्यांमध्येही जावं का, की रस्ताच पुरे?

एक तरी करा. जहांगीर कलादालन १९५२ पासून आहे, प्रवेश मोफत, साधारण अकरा ते सात उघडं. त्यातलं समोवार हे छोटं उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झालं, जुने लोक अजून तिथल्या चहाबद्दल हळहळतात. दालनाबाहेरच्या फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात, महोत्सव असो नसो. समोर बसवून पेन्सिलीनं तुमचं चित्र काढून देणारेही असतात. मांडणशिल्पांपेक्षा मी यांच्यापाशी जास्त रमतो. घासाघीस करू नका, चित्र आवडलं नाही तर नुसतं "छान आहे" म्हणून पुढे जा.

जाता जाता : प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकार-शिल्पकारांच्या गटाचं पहिलं प्रदर्शन १९४९ मध्ये याच रॅम्पार्ट रोवर, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरलं होतं. गटात होते सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. जहांगीर तेव्हा बांधलंही नव्हतं.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मात्र घाईत उरकू नका. जॉर्ज विटेटनं रचलेल्या त्या इमारतीला दोन तास कमी पडतात. एका दिवसाच्या सहलीत संग्रहालय किंवा महोत्सव, दोन्हींतलं एकच नीट होतं.

सगळं इंग्रजीतच असतं का हो?

साहित्य आणि चर्चा बहुतेक इंग्रजीत, हे खरं. मराठी आणि हिंदी अधूनमधून असतं, वेळापत्रक बारकाईनं वाचलं तर सापडतं. नाच, गाणं, हस्तकला यांना भाषेची अडचण नाही. माझ्या आईला इंग्रजी येत नव्हतं. ती एका राजस्थानी कठपुतळीवाल्यापाशी तासभर बसली आणि नंतर आम्हांलाच गोष्ट सांगितली.

मराठी माणसाचं या चौकाशी काही नातं आहे का?

कवी अरुण कोलटकर. इथल्या वेसाइड इन या उपाहारगृहाच्या खिडकीशी ते वर्षानुवर्षं बसत आणि समोरचा त्रिकोणी चौक, तिथली कुत्री, झाडूवाल्या, इडलीवाली बाई बघत. त्यातून झालेला इंग्रजी कवितासंग्रह २००४ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या थोडं आधी आला. ते उपाहारगृह आता नाही. घोड्यापाशी उभे राहिलात तर थोडा वेळ महोत्सवाकडे पाठ करून सफाई करणाऱ्यांकडे आणि चहावाल्याकडे बघा.

जेवायचं कुठे?

महोत्सवात खाण्याचे स्टॉल असतात. चव बरी, भाव मुंबईचे, रांग लांब. मी सकाळी स्टेशनसमोरच्या आरामचा वडापाव खाऊन निघतो. पोटभर हवं असेल तर स्टेशनजवळचा पंचम पुरीवाला. काळा घोड्याच्या गल्ल्यांत महागड्या जागा बऱ्याच आहेत, दुपारी एकच्या आत गेलात तर टेबल मिळतं. घरून धपाटे-चटणी नेलीत तर उत्तमच, फक्त प्लास्टिक परत आणा. पाण्याच्या बाटल्या माणशी एक.

स्वच्छतागृहांचं काय?

बायका हा प्रश्न खासगीत विचारतात, तो इथे उघड लिहितो. गर्दीच्या दिवशी हाल होतात. स्टेशनवरून निघतानाच जाऊन या. नंतर कलादालन किंवा संग्रहालयात, किंवा जेवायला बसाल तिथे. रस्त्यावर गरज पडेपर्यंत थांबू नका.

मुलांना न्यावं का? आणि आजी-आजोबांना?

मुलांना जरूर. त्यांच्यासाठी गोष्टी, मातीकाम, चित्रं असे वेगळे कार्यक्रम असतात, पण त्यांना नोंदणी लागू शकते. मुलाच्या खिशात तुमचा फोननंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आजी-आजोबांना आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळीच. बसायला जागा फार नाहीत. घडीचं छोटं स्टूल नेणारे एक आजोबा मला दरवर्षी दिसतात, त्यांच्याकडे बघून मला हेवा वाटतो.

स्टॉलवर खरेदी करावी का?

कारागीर स्वतः बसलेला असेल तर करा. त्याला विचारा की हे कसं बनवलं. उत्तर देताना ज्याचे हात हलायला लागतात, तो माल बहुधा त्यानंच केलेला असतो. तसंच काम तुळशीबागेत स्वस्त मिळतं, असं कुणीतरी म्हणेलच. बऱ्याचदा ते तसंच नसतं. थोडी रोख रक्कम ठेवा, गर्दीत क्यूआर कोड चालायला वेळ लागतो.

फोटो काढले तर चालतात का?

रस्त्यावर चालतात. कलाकाराचा जवळून काढायचा तर विचारून. सिनेगॉग आणि संग्रहालयाचे नियम वेगळे. कार्यक्रम चालू असताना मोबाईल डोक्यावर धरू नका, मागे एक माणूस पुण्याहून आलेला असतो.

कपडे काय घालावेत?

पुण्यात पहाटे स्वेटर लागतो आणि मुंबईत अकरा वाजता तोच ओझं होतं. दुपारी पारा तिशीपर्यंत जातो. पातळ शाल न्या, पिशवीत मावते, आणि परतीच्या बसमधल्या वातानुकूलनात उपयोगी पडते. चपला जुन्या, पायाला सवय असलेल्या.

मी एकटी येणार आहे, सुरक्षित आहे का?

पोलीस असतात, प्रवेशाशी पिशव्या तपासतात, परिसर रात्री दहापर्यंत जागा असतो. माझी भाची दोनदा एकटी जाऊन आली. गर्दीच्या वारी धक्काबुक्की होते, तेव्हा पुन्हा तेच : मधला वार. पुण्यात उतरल्यानंतरचा प्रवास मात्र आधी ठरवून ठेव.

पाऊस आला तर?

जानेवारीत? छत्री घरी ठेवा, त्या जागेत धपाट्यांचा आणखी एक डबा मावेल.